समुद्र: वीस मिनिटं

जुनी गाडी विकायची म्हणून डॅशबोर्डचा कप्पा रिकामा करताना बाबांच्या अक्षरातला घडी घातलेला कागद सापडला, घडीत वाळूचे चार कण. पंधराएक वर्षांपूर्वी आम्ही तिघं हडपसरहून पहाटे निघून एका दिवसात दिवेआगर, श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर पाहणार होतो. बाबांनी वेळापत्रकच केलं होतं. त्यात ‘दिवेआगर, समुद्र: वीस मिनिटं’ असं होतं. सुरूच्या बनातून बाहेर आलो, तर ओहोटी. ओल्या वाळूच्या पार पलीकडे पाणी नुसतं चकाकत होतं. बाबांनी शहाळेवाल्याला विचारलं, “पाणी कधी येईल?” “चारपर्यंत.” “आम्हाला बाराला श्रीवर्धनला पोचायचंय.” “मग समुद्राला आधी कळवायचं होतंत,” तो शहाळं तासत म्हणाला. तोवर आईने चपला हातात घेतल्या होत्या. तिने त्या दिवसापर्यंत समुद्र पाहिलाच नव्हता. ती सरळ पाण्याच्या दिशेने चालू लागली. “अगं, वेळ संपली!” बाबा ओरडले. तिने मागे पाहिलं नाही. लांब जाऊन एवढीशी दिसायला लागली आणि तिथेच उभी राहिली. तासाभराने परतली तेव्हा साडीचा काठ ओला होता. गाडीत तिच्या पायांखाली बाबांनी वर्तमानपत्र अंथरलं. हरिहरेश्वर राहिलंच, आणि पुढे घरात तो विषयही कधी निघाला नाही. आता कागद उलगडला, तर हरिहरेश्वरवर रेघ मारून बाबांनी शेजारी लिहिलं होतं, ‘रद्द. हिचे पाय भिजायला वेळ लागला.’ गाडी न्यायला आलेला माणूस किल्लीसाठी हात पुढे करून उभा होता. त्याला म्हटलं, वीस मिनिटं थांबा.