कोपऱ्यातलं मशीन

तेलकाकांचे कान गेले, ठार बहिरे झाले आणि म्हणूनच मुलाखतीतून त्यांना हात हलवत परत यावं लागलं, अशी बातमी तळमजल्यावर निघाली. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांच्या उजव्या कानाला यंत्रसुद्धा लागलं होतं. साफ खोटं! या माणसाचे कान असे तिखट, की शेजारच्या खोलीत शिलाई मशीन चालू असलं तर भिंतीआडून सांगतील, "खालचा दोरा संपत आलाय."

घात केला तो तयारीने.

दुसऱ्या मजल्यावरचे तेलकाका सव्वीस वर्षं एकाच कारखान्यात शिलाईची मशीनं दुरुस्त करत होते. अंगाला कायम मशीनच्या तेलाचा वास, म्हणून पोरांनी नाव ठेवलं आणि पुढे बायकोनेही तेच उचललं. कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा त्यांचं वय बावन्न. सहा महिने घरी बसून त्यांनी घरातली एकूण एक बिजागरी तेल पाजून गप्प केली. मग एका नव्या कारखान्यातून बोलावणं आलं. जागा एकच, मशीनच्या देखभालीची. ही हुकली तर या वयात दुसरं बोलावणं येणार नाही, हे नवराबायको दोघांनाही न बोलता कळत होतं.

तयारी करून घ्यायला धाकटी मेहुणी धावून आली. ती एका ऑफिसात माणसं नेमायचं काम बघते, त्यामुळे तिच्यापुढे कोण बोलणार? आठवडाभर रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी शाळा भरायची.

"भावोजी, पाय हलवू नका."

"पाय नाही गं, टेबल हलतंय. थांब, पाचर मारतो."

"बसा! हेच, हेच करायचं नाही तिथे. उठायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. विचारतील तेवढंच बोलायचं."

बायको भांडी पुसता पुसता म्हणाली, "मला बघायला आले तेव्हा कुठे होतीस तू? आपल्या घरचं घड्याळ खोलून बसले होते हे."

चाळीस प्रश्नांची उत्तरं तोंडपाठ झाली. निघायच्या दिवशी मेहुणीने त्यांच्या शर्टाच्या खिशातला छोटा स्क्रूड्रायव्हर काढून घेतला.

"मेकॅनिक दिसता अगदी."

"मग कोण दिसू?"

मुलाखतीच्या खोलीत टेबलापलीकडे एक साहेब आणि एक मॅडम. कोपऱ्यात एक बाई मशीनवर कापडाची पट्टी शिवत होती. तेलकाकांना पहिल्याच मिनिटाला ऐकू आलं. सात-आठ टाके नीट, मग एक रिकामा ठोका. टाका सुटतोय. सुई किंचित फिरून बसली असणार. अर्ध्या मिनिटाचं काम! हात आपसूक खिशाकडे गेला, खिसा रिकामा पाहून पुन्हा मांडीवर आला.

मॅडमनी कोपऱ्याकडे पाहिलं. "आवाजाचा त्रास होतोय का तुम्हाला?"

आणि तेलकाकांनी सतरावं उत्तर म्हणून दाखवलं, "नाही मॅडम. कसल्याही परिस्थितीत मी शांत चित्ताने काम करू शकतो."

मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं. तेलकाकांना वाटलं, जमलं.

कागदपत्रं परत मिळेपर्यंत ते बाहेर बाकावर थांबले. पुढचा उमेदवार आत गेला, दार लागलं. दाराआडूनही तेच, सात-आठ टाके आणि रिकामा ठोका. मग खुर्ची सरकली. मशीन थांबलं. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झालं आणि एकही टाका सुटला नाही.

कारकुनाने कागदपत्रं घ्यायला तीनदा हाक मारली. तेलकाका हलेनात. या कारकुनाची मामेबहीण राहते नेमकी आमच्या तळमजल्यावर, आता बहिरेपणा कुठून आला ते कळलं ना?

संध्याकाळी मेहुणी हसत हसत आली आणि बहिणीचं तोंड बघून दारातच थबकली. तेलकाकांनी सगळं सांगितलं, अगदी हळू आवाजात. शेवटी म्हणाले, "सव्वीस वर्षांत बिघडलेलं मशीन तसंच टाकून मी कधी उठलो नव्हतो."

मेहुणीचे डोळे भरले. "माझंच चुकलं. पण भावोजी, कळत होतं तर उठायचं होतंत ना सरळ!"

"उठलो असतो आणि तरी जागा हुकली असती, तर आत्ता तूच बहिणीला म्हणाली असतीस, चाळीस उत्तरं पाठ करून घेतली, पण भावोजींना चार माणसांत बसायचं काही जमलं नाही."