बंद पडलेलं मशीन

राजापेठेतल्या आमच्या घरी वरच्या मजल्यावर एक भाडेकरू राहतो. एका मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात चालणारी, दवाखान्यांची आणि दुकानांची वीस-पंचवीस नुसती सॉफ्टवेअरची मशीनं तो घरबसल्या सांभाळतो. हल्ली त्या मोठ्या कॉम्प्युटरला त्यानं एआय जोडलाय. त्याच्याशीही हा मोठ्यानं बोलतो, "पाहून घे भाऊ, पण हात नको लावू." कुलूप लावलं की तीनदा ओढून पाहतो. तरुणपणी मी असल्या माणसाला सरळ बावळट म्हटलं असतं.

परवा चहा घेऊन गेले, तर एआयनं पडद्यावर विचारलं होतं, 'अकोल्याच्या दवाखान्याचं एक मशीन वर्षभर बंद आहे, काढून टाकू का?'

"टाक म्हण ना! कावून थांबून राहिला?" मी म्हटलं.

"आजी, बंद आहे म्हणजे बेकामाचं आहे, असं थोडीच?" त्यानं अकोल्याला फोन लावला.

दवाखान्यातल्या बाई फोनवर ओरडल्याच, "अहो भाऊ, जुन्या पेशंटचे सारे रिपोर्ट त्याच्यातच आहेत! कोनाले हात लावू देऊ नका!"

त्यानं 'नाही' दाबलं आणि एआयला म्हणाला, "तुयी चूक नाही भाऊ. तुले कोनी सांगतलंच नव्हतं."

मला मात्र माझीच एक जुनी गोष्ट आठवली. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सासूबाईंनी राखेत जपलेलं काकडीचं बी मी कचरा समजून उकिरड्यावर फेकलं होतं, आणि वर शाबासकीची वाट पाहत उभी होते! त्या साली मळ्यात काकडी लागलीच नाही.

त्याचा कप टेबलावर रिकामा दिसत होता.

मी कपाकडे हात नेला, थांबले आणि म्हटलं, "उचलू का रे?"