घोळ आणि तीन तणनाशकं

तणनाशकांची शास्त्रशुद्ध तुलना करणारा सिंगापूरच्या बुकित बातोकमधला मी एकमेव प्रोजेक्ट मॅनेजर असेन.

शेजारच्या आंटी पंधरा दिवसांसाठी मुलीकडे जाताना तीन कुंड्या माझ्या हवाली करून गेल्या. ख्रिसमसला सजवतात तसली सूचीपर्णी रोपं, बीपासून वाढवलेली, तीन नातवंडांसाठी तीन. वर चार बोटं आलेली रोपं आणि भोवती माजलेलं तण. एकही रोप मेलं तर कोणत्या नातवाला काय सांगायचं, या विचाराने मला घाम फुटला.

"हाताने उपट की," बायको म्हणाली.

"हात स्केलेबल नाही," मी म्हणालो आणि एक्सेल उघडलं.

"Pa, so extra lah," माझ्या अतिरेकावर चिरंजीव म्हणाले.

शनिवारी पहिल्या कुंडीत कडेकडेने उकळतं पाणी, दुसरीत व्हिनेगर. तिसरीसाठी तणनाशकाची बाटली आणली होती, पण तिच्यावर 'कोवळ्या रोपांपासून दूर ठेवा' असं लिहिलेलं! ती न उघडताच ठेवली.

रविवारी सकाळी तिन्ही कुंड्या लख्ख. तिसरीसुद्धा! व्हिनेगरचा प्रभाव शेजारच्या कुंडीपर्यंत पोहोचतो, हा शोध मी फोटोंसकट आंटींना कळवून टाकला. (घाई हा माझा जुना आजार.)

दुपारी जेवायला बसलो. पुण्याहून आलेल्या आईने ताटात पालेभाजी वाढली. भाजी झकास होती, जराशी आंबट.

"ही कुठून आणलीस? लिटिल इंडियातून?"

"कशाला? दाराबाहेर एवढी घोळ माजलेली. पहाटेच मुळासकट उपटली. एका कुंडीतली तर अर्धी शिजलेलीच होती बघ. आणि मधल्या कुंडीतल्या घोळीमुळे आमसूल घालावंच लागलं नाही."

आंटींना खरं सांगायला मी फोन उचलला. तेवढ्यात आंटींचा मेसेज आला: माझा शोध वाचून त्या व्हिनेगरचं अख्खं खोकं घ्यायला निघाल्या होत्या, परतल्यावर कुंड्यांत ओतायला. रोपं आता खरोखरच मरणार होती. मी लगेच फोन लावला.

"आंटी, व्हिनेगर नको! तण माझ्या आईने उपटलं."

पलीकडून आंटी हसल्या. मग, "वा! युअर मदर कॅन कम एव्हरी वीक, ऑर नॉट?"

रोपं आज गुडघ्याएवढी झाली आहेत, आणि ती पाहून मला अजून बरं वाटतं. त्या दुपारीच एक्सेलच्या तक्त्यात मी प्रामाणिकपणे चौथा पर्याय भरला: 'आई. परिणाम: शंभर टक्के. तोटा: व्हिजिट पास लवकर संपतो.'

संध्याकाळी पाहिलं तर खाली बायकोने एक ओळ वाढवली होती: 'पर्याय पाचवा: नवरा. तणावर परिणाम: शून्य. रोपांना अपाय: थोडक्यात टळला.'