घोडा, हंडा, पूल, चिंच, कंदील

२०२३ सालचा फाल्गुन. होळीला पाच दिवस होते. तेव्हाची माझी फजिती मीच सांगतो. दुसरे सांगतात तेव्हा उगाच तिखटमीठ लावतात. गरज काय? आहे तीच झणझणीत आहे.

पोलादपूरच्या वर डोंगरात आमचं गाव. गावकीचा प्रमुख मी. देवीच्या पालखीचा पुढचा दांडा कोणाच्या खांद्यावर द्यायचा, ते मी ठरवतो. पंचवीस वर्षांपूर्वी तो भिकूच्या खांद्यावर असायचा. मग त्याचे हात थरथरायला लागले. दारू पितो असं धरून मी चार लोकांत म्हणालो, "देवीच्या कामाला माणूस शुद्धीत पायजे." भिकू दांडा सोडून बाजूला झाला.

ती दारू नव्हती. कंपवात होता.

त्याची मुलगी सुनंदा आता पुण्यात शास्त्रज्ञ आहे. मेंदूतल्या पेशी हळूहळू का मरतात, हे शोधण्यात तिची पंधरा वर्षं गेली. त्या फाल्गुनात ती गावात आली. तिला धडधाकट म्हातारे हवे होते, आजाऱ्यांशी ताडून बघायला.

धडधाकट म्हटल्यावर मी मागे राहीन काय?

देवळात ती एकेकाला आत बोलवत होती. आधी माझ्याच वयाचा दगडू गेला. तो बाहेर येताच मी त्याला धरला.

"काय विचारते रे?"

"पाच शब्द सांगते. मग इकडचं तिकडचं बोलते, नि परत तेच शब्द विचारते."

"कुठले?"

"घोडा, हंडा, पूल, चिंच, कंदील. तात्या, कॉपी करतोस काय?"

"कॉपी नाय. तयारी!"

आत गेलो. सुनंदा शब्द सांगत होती आणि मी मनात घोडा-हंडा घोळवत होतो. ऐकतो कोण? तिनं पुन्हा विचारलं तसे मी पाचही एका दमात फेकले. छाती काढून बसलो.

तिनं हातातला माझा कागद पुन्हा पाहिला. "तात्या, हे शब्द मी तुम्हाला सांगितलेच नाहीत."

तिथंच खरं बोलायचं होतं. पण प्रमुख ना मी! म्हणालो, "तूच सांगितलेस गो. तुझ्याच ध्यानात नाय."

ती हळू आवाजात म्हणाली, "घरच्या कुणाला घेऊन पुण्याला याल? नीट तपासू."

दाराशी पाळीसाठी थांबलेल्या माझ्या बायकोनं हे ऐकलं. झालं! संध्याकाळपर्यंत तिनं माझा कोयता लपवला. मुलगा महाडच्या औद्योगिक वसाहतीतली कामाची पाळी टाकून मोटारसायकल पळवत आला. अंगणात माणसं जमली. शेजारीण माझ्या कानाशी ओरडली, "तात्याऽऽ, मी कोण? ओळखलंत?"

"ओळखलं! माझी शिडी नेलीस, ती अजून दिली नाहीस!"

"बघा, चिडतायत पण," ती सगळ्यांना म्हणाली.

दगडूला सगळं ठाऊक होतं. पण तो सुपारी कातरत गंमत बघत होता. पालखीचं यंदा काय करायचं, असा विषय निघाला तसा तो सावकाश बोलला, "तात्याला राहू दे यंदा. देवीच्या कामाला माणूस शुद्धीत पायजे."

वाक्य माझंच. शब्द न् शब्द. ते मात्र मला चांगलं आठवत होतं.

सुनंदा तिथंच उभी होती. हातात माझा कागद. त्यावर मी आजारी म्हणून चढणार होतो, आणि तिच्या पंधरा वर्षांच्या कामात माझं खोटं मिसळणार होतं. मी उभा राहिलो.

"मला काय झालेलं नाय. शब्द मी दगडूकडून पाठ करून गेलो होतो."

सुनंदा आधी बघतच राहिली. मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "अहो तात्या, प्रत्येकाला वेगळे शब्द असतात! इतक्या याद्यांत ते दगडूचे, हे माझ्याही ध्यानात आलं नाही. आता हा कागद बाद. पाठ करून आलात, तुम्हाला परत घेता येणार नाही."

"म्हणजे नापास?"

"नापास."

चौथीत नापास होऊन शाळा सोडली होती. बाहत्तराव्या वर्षी पुन्हा झालो. तेव्हा निदान कॉपी तरी केली नव्हती.

बायकोनं कोयता आणून दिला. रागानं पायाशी टाकला.

होळीनंतर पालखी घरोघर निघाली. पहिलं दार माझं, हा आमचा मान. मी पालखी तिथं थांबवली नाही. सरळ भिकूच्या अंगणात नेली. तो पडवीत बसला होता. सुनंदानं त्याला हात देऊन उठवलं. पुढचा दांडा मी त्याच्या खांद्यावर ठेवला आणि खालून माझा खांदा लावला.

तुळशीपर्यंत भिकूनं पालखी नेली.