योन्सुकची उंची

योन्सुक बुटकी. जिंजूच्या बाजारात माझं केस कापायचं दुकान, शेजारी तिचं किमची-भाज्यांचं. गल्ल्यामागे फळी टाकून तिच्यावर उभी राहते, आणि जीभ अशी की गिऱ्हाईक घासाघीस करायला धजत नाही. कुणी उंचीवरून चिडवलंच, तर ठरलेलं उत्तर, "आमच्या म्हातारीला विचारा! भावांना अंडी, मला मुळ्याचा पाला. वाढू कशावर?"

हे ती हादोंगला माहेरी जाऊन, भरल्या सणाला, आईच्या तोंडावरही ऐकवायची. म्हातारी काही न बोलता तिच्या भातावर मासा ठेवायची. आईच्या मनाला खात असणार, म्हणून गप्प बसते, असं मी धरून चालले होते.

आपल्या लेकीचं, हारमचं, असं होऊ द्यायचं नाही, असा योन्सुकने चंग बांधला होता. बैलाच्या हाडांचा रस्सा, मांस, दूध, वर हरणाच्या शिंगाचा काढा. चौथीत पोरगी वर्गात सगळ्यांत उंच निघाली आणि शाळेच्या व्हॉलीबॉल संघात गेली. दहाव्या वर्षीच तिला पाळी आली. आमच्याकडे पहिल्या पाळीला केक कापतात, बाप मुलीला फुलं देतो. बाजारातल्या झाडून सगळ्या बायका जमल्या. "हारमच्या आई, आता बघच! खरं वाढायला आत्ता लागेल पोरगी." सगळ्यांत मोठ्यानं मीच म्हणाले.

पुढे बाकीच्या पोरी भराभर वर निघाल्या आणि हारम होती तिथेच. संघाच्या सरांनी हाडांचा एक्स-रे काढायला सांगितलं. योन्सुक म्हणाली, "ताई, तू चल बाई. मला धडकी भरलीय."

डॉक्टरीणबाईंनी हाताचा फोटो उजेडावर धरला. "हाडाच्या टोकाशी कूर्चेची, म्हणजे मऊ हाडाची, पट्टी असते. हाड वाढतं ते तिथेच. हिच्या पट्ट्या मिटत आल्यात. आता वाढली तर दोन बोटं."

"मिटत? अहो, पाळी तर आत्ता कुठे सुरू झाली!" मी मध्येच बोलले.

"म्हणूनच. ते हार्मोन आधी उंची झपाट्याने वाढवतं, आणि मग तेच पट्ट्या बंद करतं. पाळी येते तेव्हा बहुतेक वाढ होऊन गेलेली असते."

वाढ संपत आली म्हणून आम्ही केक कापला होता! हारम खाली मान घालून बुटाची नाडी ओढत होती.

"माझ्या खाण्यापिण्यात काही कमी पडलं का?" योन्सुकने विचारलं.

"नाही हो. हे बऱ्याचदा घराण्यातच असतं. तुम्हाला कधी आली होती?"

"दहाव्या वर्षी. वर्गात पहिली मीच. तेव्हा मीसुद्धा उंच होते. पण मी उपाशी राहून खुरटले, माझी गोष्ट वेगळी."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. "उपाशी मुलींना पाळी उशिरा येते. इतक्या लवकर आली म्हणजे तुमच्या पोटात नीट अन्न जात होतं."

योन्सुकचा चेहरा पांढराफटक पडला. "आमच्या घरी? तांदळाचा डबा खडखडायचा आमच्या!" एवढंच म्हणाली. मी आणि हारमने दोन्हीकडून धरून तिला बाहेरच्या बाकावर बसवलं.

तिथूनच तिने हादोंगला फोन लावला. नंबर हारमने दाबून दिला. पलीकडून म्हातारी नेहमीसारखी ओरडूनच बोलत होती, त्यामुळे मलाही सगळं ऐकू येत होतं.

"आई, मी लहान होते ना, तेव्हा तू काय जेवायचीस गं?"

"आता कशाला ते? तू जेवलीस का?"