अण्णांच्या गाण्याचा नंबर

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण आजही आठवली की मला डोकं खाजवायला लावते ती घटना एका गाण्याची आहे. तेव्हा मी जोयडा ठाण्यात उपनिरीक्षक होतो. सकाळची हजेरी घेऊन आलेले अर्ज चाळत होतो, एवढ्यात दिग्गीकडची एक बाई आत आली. पन्नाशी उलटलेली, पहिल्या जीपने आलेली. खुर्ची दाखवली तरी बसली नाही.

"सायेब, माझ्या मालकाचा आवाज चोरीला गेलाय."

"मोबाइल गेला का अक्का?"

"न्हाई. मोबाइल ह्यो काय, हाय. त्यातला आवाज गेलाय."

तिचं म्हणणं ऐकून घ्यायला बराच वेळ गेला. तिचा नवरा भजन म्हणणारा. उळवीच्या जत्रेला गावातून मंडळी निघाली की पहिलं गाणं म्हणायचा मान त्यांच्या घराचा. मरायच्या आधी काही वर्षं त्याने ते गाणं रामनगरच्या एका स्टुडिओत रेकॉर्ड केलं होतं आणि स्टुडिओवाल्याने ते मोबाइलवरच्या गाण्यांच्या ॲपवर चढवलं होतं. नवरा गेल्यावर बाई घरामागच्या टेकडावर, जिथे जरा रेंज मिळते तिथे बसून ते ऐकायची. एक दिवस तिने नेहमीचं गाणं लावलं. नाव तेच, वर नवऱ्याचा फोटो तोच, पण गात होता धाकटा दीर.

"घरात ह्यांचा दुसरा आवाज न्हाई सायेब. एवढाच हुता," ती म्हणाली, आणि मग बसली.

ठाण्याचं लिखाण बघणाऱ्या आमच्या रायटरने कागद पुढे ओढला आणि विचारलं, "साहेब, चोरी लिहू की फसवणूक? मुद्देमालात काय दाखवू? पंचनामा कुठं करायचा, टेकडावर?" तो थट्टा करत होता की खरंच विचारत होता, कळेना. गावाकडे काय बोलतात ते बघून ये, म्हणून मी एका हवालदाराला पाठवला. त्याला जीपवाल्याकडून खबर लागली. पावसाळ्याआधी हा दीर टाळ पिशवीत घालून रामनगरच्या स्टुडिओत जाऊन आला होता.

दिराला बोलावून घेतलं. शेतात राबून रापलेला, खाली मान घालणारा माणूस. अशी माणसं आधी नाही नाही म्हणतात आणि मग हळूहळू उलगडतात, असा माझा अनुभव. याने सगळा अनुभवच पालथा घातला.

"स्टुडिओत गेला होतास?"

"व्हय."

"भावाचं गाणं तू गायलास?"

"व्हय. अण्णा गेल्यावर मान माझ्याकडं आला."

"आणि ॲपवरचं भावाचं गाणं काढून तिथं तुझं घातलंस?"

"काढलं न्हाई सायेब. अण्णाचा नंबर चालू ठेवला."

"कसला नंबर?"

"गाण्याचा. बंद पडला असता की."

गुन्हा कबूल करतोय की नाकारतोय, हेच समजेना. मी आवाज चढवून तेच प्रश्न पुन्हा विचारले. त्याने तीच उत्तरं दिली, आणि वर मलाच समजावल्यासारखं म्हणाला, "चालू ठेवायला नगो व्हय?" बाई बाहेर बाकावर बसून ऐकत होती. तिचं तोंड अधिकच कडू झालं.

स्टुडिओवाल्याला बोलावलं. तो फाडफाड बोलणारा. गाण्यांच्या अल्बमला बारकोड असतो आणि आतल्या गाण्याला बारा अक्षर-आकड्यांचा कोड असतो, असं त्याने सांगितलं. बिस्किटाच्या पुड्यावर असतो तो बारकोड गाण्याला कशाला, हे मी विचारलं, तर म्हणाला, "विकायला ठेवलं की बारकोड लागतोच साहेब." पुढे मात्र त्याची गाडी अडखळली. एका कोडवर दोन गाणी राहत नाहीत, म्हणून जुनं उतरवून त्याच कोडवर नवं चढवलं, एवढंच तो सांगत राहिला. जुनी फाइल? कॉम्प्युटर बिघडला तेव्हा गेली.

बाईला हे सांगायची हिंमत मला झाली नाही. स्टुडिओवाला ज्यांच्यामार्फत ॲपवर गाणी चढवायचा, त्या बेंगळूरच्या कंपनीला मी आत बसून फोन लावला. तिथल्या माणसाने शाळेत शिकवावं तसं सांगितलं. बारकोड म्हणजे अख्ख्या अल्बमचा नंबर. आतला कोड हा गाण्याचा नव्हे आणि गाणाऱ्याचाही नव्हे, तो त्या एका रेकॉर्डिंगचा. तेच गाणं दहा जणांनी गायलं तर दहा कोड. एकाच माणसाने नव्याने गायलं तरी नवा कोड. जुन्या कोडवर दुसरं रेकॉर्डिंग चढवलं, की ज्यांनी जुनं जपून ठेवलंय त्यांच्याही यादीत नवंच वाजू शकतं. बाईच्या फोनमध्ये झालं होतं ते हेच.

"मग जुनं गेलं का कायमचं?" मी विचारलं.

"ॲपवरून उतरवलंय. आमच्याकडे मूळ फाइल असायला हवी. बघून सांगतो."

तो बघेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला, हे मी आज कबूल करतो. दरम्यान स्टुडिओवाला रायटरशी गप्पा मारत होता. तो सहज बोलून गेला, "हा येडा मला विचारत होता, माणूस मेल्यावर त्याचा नंबर किती दिवस चालतो म्हणून. मी म्हटलं, नवीन गाणं चढवलं की चालतोय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. दिराला पुन्हा आत घेतलं, या वेळी खुर्चीवर बसवलं.

"बंद पडला असता म्हणजे काय रे?"

"अण्णा गेला, रेशनकार्डातनं नाव कापलं. पेन्शन बंद. फोनचं सिम बी बंद पडलं. म्हटलं, ह्यो गाण्याचा नंबरबी कापत्याल. मग अण्णाचं काय ऱ्हायलं? मी गाऊन चालू ठेवला." मग हळूच म्हणाला, "वैनीला वाटलं मी हिसकावला."

मी बाईला आत बोलावलं आणि त्याला तेच परत सांगायला लावलं.

बेंगळूरहून फोन आला, फाइल होती. अर्ज, सह्या, मेल सगळं रीतसर झालं. भावाचं रेकॉर्डिंग त्याच्या जुन्या कोडवर परत गेलं, दिराच्या गाण्याला नवा कोड मिळाला. गुन्हा काही दाखल झाला नाही, तक्रार निकाली काढली.

सही करायला दोघं आले त्या दिवशी बाईने ठाण्यातच गाणं लावलं. खणखणीत आवाज होता माणसाचा. एक ओळ संपली आणि मागून दुसरा, बारीक आवाज ती ओळ उचलू लागला. त्या रेकॉर्डिंगमध्ये साथीला हाच दीर होता. आत्ता तो दाराशी उभा होता, आणि ती ओळ आली तशी त्याने ती तोंडातल्या तोंडात धरली. बाईने मागे वळून पाहिलं नाही, पण गाणं थांबवलंही नाही. रायटरने लिहायचं सोडलं. गाणं संपल्यावर ती म्हणाली, "भावजी, जत्रेला पयलं गानं तुमीच म्हना. ह्यो नंबर तेवढा ह्यांचा ऱ्हाऊ द्या."

"व्हय वैनी," तो म्हणाला आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

त्यानंतर माझ्या नोकरीत एक गोष्ट बदलली. समोरचा पटकन कबूल झाला की मला बरं वाटेनासं झालं. तो नक्की काय कबूल करतोय, हे मी आधी त्यालाच विचारू लागलो.