चिठ्ठीत नसलेली गोळी

काशिनाथला ती गोळी मी दिली. त्याला जाऊन दीड महिना झाला. त्याच्याबद्दल काहीही लिहायचं तर आधी हेच लिहायला हवं. वहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, विचारूनच लिहितो आहे.

रबाळ्याच्या कारखान्यात, स्टोअरमध्ये, आमची टेबलं बावीस वर्षं शेजारी होती. तो शिरवण्याचा, मूळ गावातला. फोन उचलला की "बोल, मी हाय" म्हणायचा. मागच्या वर्षी माझी अक्कलदाढ काढली, तेव्हा सूज उतरायला डॉक्टरांनी तीन दिवस स्टेरॉईडची गोळी दिली होती. दुसऱ्याच दिवशी गाल जागेवर आला. "सावंत होती नव्हती ती अक्कल पन काढून आला," काशिनाथनं अख्ख्या स्टोअरला सांगितलं. यंदा त्याची दाढ काढावी लागली, त्याच डॉक्टरांकडे. भेटायला गेलो तर गाल एवढा फुगलेला की डोळा मिटत आला होता. मी चिठ्ठी पाहिली. माझी ती गोळी तिच्यात नव्हती. मला वाटलं, डॉक्टर विसरले... घरी जाऊन उरलेली स्ट्रिप घेऊन आलो. "डॉक्टरला फोन करू काय?" त्यानं विचारलं. "कशाला? मी घेतली ना," मी म्हणालो. वहिनी तेव्हा बाजारात गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूज नावालाही नव्हती. चेहरा पुसून काढल्यासारखा गुळगुळीत, दहा वर्षांनी तरुण. तो स्टुलावर चढून पंखे पुसत होता. झोप झाली नव्हती, तरी डोळे चकाकत होते. "सावंत, कोनी आतून चावी दिल्यासारखा वाटतंय रे!" तो हसला, मीही हसलो. मग तो पाणी प्यायला लागला. चौथ्या दिवशी त्याच्या उशाशी रिकाम्या बाटल्यांची रांग होती आणि तोंडाला अति पिकलेल्या फळाचा वास. गाल मात्र तसाच सुरेख. आत काय चाललंय ते त्या चेहऱ्यानं कुणाला कळूच दिलं नाही.

वहिनींनी कपाटातून शुगर मोजायचं यंत्र काढलं, तेव्हा मला कळलं की त्याला डायबेटिस होता. आम्हाला तो 'वजन कमी करतोय' असं सांगून बिनसाखरेचा चहा प्यायचा. दातांच्या डॉक्टरांना मात्र त्यानं खरं सांगितलं होतं. ते विसरले नव्हते, स्टेरॉईडनं शुगर चढते म्हणून त्यांनी ती गोळी मुद्दाम टाळली होती.

यंत्रावर आकडा आलाच नाही. इंग्रजी दोन अक्षरं उमटली, एच आणि आय. शुगर मापापलीकडे गेली की ते तेवढंच दाखवतं. वहिनींनी मोठ्यानं वाचलं, "हाय." डोळे मिटून पडलेला काशिनाथ पुटपुटला, "हाय... मी हाय." त्यांनी पुन्हा टोचलं. पुन्हा तीच अक्षरं. "हाय," वहिनी म्हणाल्या. "हाय," तो म्हणाला. भरदुपारी, खोलीभर ऊन असताना, माझ्या अंगावर काटा आला.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "स्टेरॉईड वगैरे काही चालू होतं का?" वहिनी म्हणाल्या, "नाय." मी त्यांच्या मागेच उभा होतो. गप्प राहिलो. दोन दिवसांनी तो गेला. गोळीनं वरची सूज दबली, पण आत दाढेच्या जागेतला संसर्ग मानेत उतरला होता.

तेव्हापासून माझी जीभ सारखी माझ्या दाढेच्या जागी जाते. ती जागा कधीच भरली आहे. तरी जिभेला तिथं खड्डा लागतो, आणि तो ओला असतो.

महिनाभरानं शिरवण्याला गेलो. वहिनींनी पाणी आणून दिलं. मग हळूच म्हणाल्या, "भावजी, दाताचे डॉक्टर बोलले थंड द्या. मी दोन वाट्या आईस्क्रीम दिला... त्यानीच शुगर चढली ना? मीच मारला त्यांना. डबा अजून फ्रीजरमध्ये हाय. फेकवत नाय."

महिनाभर ही बाई माझं पाप आपलं समजून वागवत होती. खुर्चीवर बसून बोलणं जमेना. मी खाली, फरशीवर बसलो.

"वहिनी, तुमच्या आईस्क्रीमनं तो गेला नाही. त्याला स्टेरॉईड दिलं ते मी, डॉक्टरांना न विचारता. आणि हॉस्पिटलात त्यांनी विचारलं, तेव्हा मी तुमच्या मागेच उभा होतो... बोललो नाही. माझं चुकलं, वहिनी. मला माफ करा."